रातव्याचे डेसिबल

“निसर्ग उत्तम. जेवण ठीक. रात्री आवाज फार.” एवढं अभिप्रायाच्या वहीत लिहून, खाली तारीख, वेळ आणि पूर्ण सही ठोकून सेक्रेटरीसाहेब परवा सकाळी गेले. ‘ठीक’ हा शब्द सासूबाईंना मी अजून दाखवलेला नाही. मे महिन्यात, चंद्रपूर जिल्ह्यात, ४५ अंशांत त्यांनी चुलीपुढे बसून पाटवडीचा रस्सा केला होता.

ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ आमचं सहा खोल्यांचं लॉज आहे. आम्हा नवराबायकोला जंगलाचं वेड, म्हणून नऊ वर्षांपूर्वी नागपूरचा फ्लॅट विकून इथे आलो. वेडाचं पुढे सांगते.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. लॉजवर अपरात्री दार वाजलं की साप तरी असतो नाहीतर जुलाब. दारात तीन नंबरचे साहेब. बनियन, बर्म्युडा, दोन्ही कानांत कापूस.

“मॅडम, तुमच्याकडे रात्री लाकूडतोड चालते?”

मी झोपेत. म्हटलं, काय?

“ऐका.”

ऐकलं. चक्-चक्-चक्-चक्. लाकडी पाटावर कुणी सुरी आपटत बसावं तसं, एका लयीत. उन्हाळ्यात रोजच असतं.

“तो रातवा आहे, साहेब. पक्षी.”

“पक्षी असा आवाज करत नाही. मी डोंबिवलीत ११२ फ्लॅटच्या सोसायटीचा अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. ड्रिल, हातोडी, वरच्या मजल्यावरचा खलबत्ता, सगळे आवाज मला कळतात. ही कुऱ्हाड आहे.” आणि मोबाइल माझ्या नाकासमोर. त्यावर एक काटा थरथरत होता. “५८ डेसिबल! रहिवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा ४५. सन २००० चा नियम आहे.”

नियम खरा आहे. मी सकाळी शोधून पाहिला, म्हणून तर जास्त झोंबलं.

एव्हाना नवरा उठून आला. यजमानाने अशा वेळी दिलगिरी व्यक्त करायची असते. आमच्या यजमानांचा चेहरा उजळला. “कुठून येतोय? बांबूकडून ना? अहो, नशीबवान आहात! दिवसा हा पायाशी बसला असला तरी दिसत नाही, अगदी पाचोळ्यासारखा. घरटंबिरटं काही बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो.”

“म्हणजे अनधिकृत,” साहेब म्हणाले.

नवऱ्याला ते ऐकूच गेलं नाही. त्याने तोंडाने रातव्याची नक्कल सुरू केली. चक्-चक्-चक्. बांबूतला आवाज थांबला. काटा सरसर ३४ वर आला. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा. समज दिली की ऐकतात. तुम्ही आधी बोलायला हवं होतं.” तेवढ्यात मागच्या मोहाकडून दुसऱ्या रातव्याने उत्तर दिलं. मग पहिलाही पेटला. आता दोन.

“तुम्ही त्याला भडकवलंत!” साहेब ओरडले. ६३.

चौकीदार टॉर्च घेऊन धावत आला. साहेबांनी त्याला हुकूम सोडला, हाकला त्यांना. तो शांतपणे म्हणाला, “हाकलतो ना जी. पन मंग जंगलवाले मले हाकलतीन, त्याचं काय?”

लोक म्हणतात, किती भाग्यवान हो तुम्ही, जंगलातच राहता! गेल्या वर्षभरात मी कोअरच्या, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्याच्या, गेटवर दोनदा गेले. दोन्ही वेळा पाहुणे मूळ ओळखपत्र उशीखाली विसरले होते, ते स्कूटरवरून पोचवायला. गेटच्या आत नाही, गेटपर्यंत. आम्हाला जरा उसंत मिळते ती मंगळवारी, आणि मंगळवारी कोअर बंद. लॉज रिकामं असतं पावसाळ्यात, तर १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. बाकी दिवस मी चादरी मोजते आणि फोन घेते. फोनवर नवरंग पक्षी आला का, मोह फुलला का, असं कुणी विचारत नाही. ‘वाघाची गॅरंटी आहे का?’ ६२५ चौरस किलोमीटरचं कोअर, त्यातून त्याने साडेसहाला नेमकं यांच्या जिप्सीसमोर हजर व्हायचं. गेल्या महिन्यात एकाला पाठमोरा दिसला, तर त्याने बिलात अर्धी सूट मागितली. नवरा या गोष्टी हसत हसत सांगतो. त्याला येतं हसू. तो पाहुण्यांना पक्षी दाखवतो, पाहुण्यांचे ओले टॉवेल झाडांवरून मी काढते.

असो. साहेबांना शांत खोली हवी होती. सगळ्या खोल्या भरलेल्या. शांत म्हणावी अशी एकच, मागच्या बाजूची, स्लॅबची. आमची. पावणेतीन वाजता मी माझी उशी उचलली. माझा कूलर, मी दुपारीच वाळा बदललेला, तसाच साहेबांच्या स्वाधीन केला. जाताना त्यांनी विचारलं, “या खोलीचं भाडं कमी असेल ना?”

तीन नंबरमध्ये नवरा खिडकीला कान लावून उभा. “अगं, अगदी बाहेरच बसलाय!” म्हणाला, आणि पाच मिनिटांत झोपला. मी पडून राहिले. चक्-चक्-चक्. दोनशे बारापर्यंत मोजलं, मग चुकलं, मग पहिल्यापासून मोजलं. वायफाय कधी नव्हे ते चालू होतं. शेवटी ते डेसिबलचं ॲप उतरवून घेतलं.

रातवा ५९.

तक्रार करायची तर मालकाकडे. मालक शेजारी घोरत होता. ६६.