इंजिन एक नंबर

गाडी जुनी झाली की इंजिन दगा देतं, हा समज नवी गाडी घेतलेल्यांचा. आमची सात सीटची डिझेल एसयूव्ही पंधरा वर्षांची होत आली, पण इंजिनाबद्दल माझी कणभर तक्रार नाही. अर्ध्या चावीत सुरू होतं, ताम्हिणी घाटात कुरकुर करत नाही, धूर सोडत नाही. आमचे गॅरेजवाले मिस्त्री नुसतं बॉनेट उघडतात आणि त्यांचा चेहरा खुलतो. "साहेब, इंजिन एक नंबर. गाडी विकायचं नाव काढू नका."

पण माणूस इंजिनात बसत नाही. माणूस बसतो आत, आणि आत जे काही प्लॅस्टिक, रबर, कापड आणि फोम आहे, ते सगळं एकेक करून राजीनामा देत सुटलंय. (कंपनीचं नाव लिहीत नाही. मला अजून तिच्याकडून पार्ट मागवायचे आहेत.)

पहिला राजीनामा छताचा. गाडीच्या छताला आतून जे मऊमऊ कापड दिसतं, ते थेट पत्र्याला चिकटवलेलं नसतं. पत्र्याखाली एक कडक पुठ्ठा, त्याला फोमचा पातळ थर आणि फोमला ते कापड. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा खाऊन हा फोम भुसभुशीत होतो आणि एक दिवस त्याचं पीठ पडतं. म्हणजे कापड धडधाकट, पुठ्ठा धडधाकट, पण दोघांना धरून ठेवणारा मधला माणूसच गेला. मग बाजारातला कितीही भारी गोंद आणा, तो पिठाला चिकटतो आणि पिठासकट खाली येतो. हे शास्त्र मला कुशनवाल्यानं सांगितलं. अख्खं छत उतरवून, घासून, नवं कापड लावायचा त्याचा आकडा ऐकल्यावर मी गाडीच्या किमतीशी त्याचा भागाकार केला आणि घरी आलो.

आधी मागच्या काचेजवळ एक फुगा आला. तो पुढे सरकत सरकत मधल्या सीटपर्यंत पोचला. आता काचा खाली केल्या की वारा शिरतो आणि छत लग्नाच्या मांडवासारखं वरखाली व्हायला लागतं. आरशातून मागचं काही दिसत नाही. आई मधल्या सीटवर बसते. ती पुण्यापासून चिपळूणपर्यंत एक हात वर करून कापड धरते आणि दुसऱ्या हातानं जप करते. टाचण्या लावायची सूचना तिनंच मोडीत काढली. "एखादा खड्डा लागला की टाचणी सरळ माझ्या टाळूत. तू लाव तुझ्या डोक्यावर." म्हणून ड्रायव्हरच्या वर टाचण्या आहेत आणि आईच्या वर आईचा हात.

त्या फोमचं पिवळट पीठ मात्र सर्वांवर सारखंच पडतं. एका मुंजीत काळा कुर्ता घालून मी गाडीतून उतरलो, तर एका मावशींनी खांदे झटकत मला बाजूला घेतलं आणि कांद्याचा रस लावायला सांगितला. त्यांना फोमची रासायनिक बाजू समजावण्यात अर्थ नव्हता. "लावतो," म्हणालो.

मग आवाज. जुन्या गाडीत आवाज येतात हे खरं, पण कुठून येतात हा संशोधनाचा विषय आहे. आमच्याकडे डॅशबोर्डची कुरकुर आहे, ती सकाळी ऊन लागून प्लॅस्टिक फुगायला लागलं की सुरू होते. छत पेलणाऱ्या डाव्या खांबातून टिकटिक आहे. मागच्या बाजूला एक खडखड आहे, ती साठच्या स्पीडला सुरू होते आणि ऐंशीला थांबते. त्यामुळे शांतता हवी असेल तर बायको म्हणते, "अहो, जरा जोरात चालवा." मिस्त्रींना शेजारी बसवलं. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या रस्त्यावरून नेलं, स्पीड ब्रेकरवरून ब्रेक न लावता नेलं. गाडी गप्प. मिस्त्री उतरले, दार लावलं, मी पहिला गिअर टाकला आणि टिकटिक सुरू.

शेवटी हे काम घरच्यांनी वाटून घेतलं. मी चालवायचं, बायकोनं पुढचा एकेक प्लॅस्टिकचा भाग तळव्यानं दाबून बघायचा आणि मुलानं तिसऱ्या रांगेत आडवं पडून पॅनेलला कान लावायचा. "बाबा, पुन्हा खड्ड्यात घाला. हां. अजून एक." असा खड्डा शोधत हिंडणारा मी पुण्यातला एकटाच चालक असेन. सापडलेल्या फटीत कागदाची घडी कोंबायची, हा आमचा उपचार. त्याला टोलची पावती अप्रतिम. कागद पातळ, चार घड्या पडतात, आणि एक्स्प्रेस-वेवर एकदा जाऊन आलं की आठवडाभराचा साठा. २०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला आणि आमच्या डॅशबोर्डाचा कच्चा माल बंद पडला. टोलनाक्यावरच्या रांगा कमी झाल्याचं सगळे कौतुक करतात. त्यांची गाडी खडखडत नसेल.

दरवाजांचं दुखणं वेगळंच. डावीकडची काच मशीन, म्हणजे काच वर-खाली करणारी यंत्रणा, गेली. मोटर ठीक, तारही ठीक. आत काचेला धरणारा प्लॅस्टिकचा एक तुकडा मोडला होता. तो बदलायला दाराचं आतलं पॅड काढावं लागतं. हे पॅड मागून प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसवलेलं असतं. क्लिप नवी असताना वाकते, जुनी झाल्यावर मोडते. मिस्त्रींनी पॅड ओढलं तेव्हा जे कटाकट आवाज आले, ते मला माझ्या बोटांतून आल्याचं जाणवलं. कंपनीच्या काउंटरवर विचारलं, तर सुटी क्लिप येत नाही म्हणे, अख्खं डोअर पॅड घ्या. पॅडचा भाव ऐकून मी नाना पेठेतला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार गाठला. तिथल्या दुकानदारानं गाडीचं नावही न विचारता बरणीत हात घालून ओंजळभर क्लिपा काढल्या. "घेऊन जा, कुठलीपण बसते." बसते खरी. टिकायचं तिनं कबूल केलेलं नाही.

काम झाल्यावर मिस्त्रींनी माझ्या हातावर दोन स्क्रू ठेवले.
"हे कुठले?"
"जास्तीचे होते साहेब."
म्हणजे कारखान्यानं पंधरा वर्षं हे दोन स्क्रू विनाकारण लावून ठेवले होते.

आणि त्या पॅडमागे दाराच्या लोखंडावर जो प्लॅस्टिकचा कागद डकवलेला असतो, तो मिस्त्रींनी परत नीट चिकटवला नाही. हे जूनमध्ये समजलं. कारण काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दाराच्या पोटात जाणं हे ठरलेलंच असतं. त्यानं आतून खाली उतरावं आणि दाराच्या तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडावं, अशी योजना असते. कागद सुटला की ते गाडीत येतं. आणि भोकं बुजली की कुठंच जात नाही. आम्ही गाडी लावतो गुलमोहराखाली. मे महिन्यात सगळे त्याच्या फुलांचे फोटो काढतात. त्याची ती चिमुकली पाती मात्र गळत राहतात, काचेच्या फटीतून सुळकन आत जातात आणि भोकांवर बसतात.

पाऊस सुरू झाल्यावर सिग्नलला ब्रेक दाबला की डावीकडून 'डुबुक' असा आवाज यायला लागला. बायको सावध होऊन म्हणाली, "अहो, दारात कुणीतरी आहे."

मिस्त्री म्हणाले, टाकीत डिझेल हलत असेल. टाकी उजवीकडे होती. रविवारी खराट्याची एक काडी घेऊन मी दारापाशी उकिडवा बसलो. तळाच्या रबराची कड उचलली. पहिल्या भोकात काडी घातली, ती अर्ध्या इंचावर अडली. फिरवली. काळ्या चिखलाचा एक थेंब आला, थांबला. दुसऱ्या भोकात जरा जोर केला आणि दारानं एकदम 'भळ्ळ' केलं. तांबूस काळं पाणी सरळ माझ्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं, त्यामागून कुजलेल्या पात्यांचा लगदा, मग पुन्हा पाणी. कितीतरी वेळ दार रिकामं होत होतं. वॉचमन येऊन बघून गेला. महापालिकेची माणसं दर पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधायला सोसायटीत येतात. कुंड्यांखालच्या ताटल्या बघतात, फ्रीजमागचा ट्रे ओढून बघतात. आमच्या गाडीच्या दारात बघायचं त्यांना अजून सुचलेलं नाही, हे आमचं नशीब.

जे पाणी आत आलं, ते गालिच्याखालच्या जाड फेल्टमध्ये जाऊन बसलं. गालिचा वरून दोन दिवसांत वाळतो, फेल्ट दिवाळीपर्यंत वाळत नाही. सोसायटीतल्या एका काकांना स्टेशनवर सोडलं, तर उतरताना त्यांनी आस्थेनं विचारलं, "गावाहून सुकट आणलीत का?"

डिकीचे शॉकअप गेलेत, हेही सांगायला हवं. डिकी वर धरणाऱ्या त्या दोन नळकांड्यांत दाबानं गॅस भरलेला असतो. जुनी सीलं तो हळूहळू सोडतात, आणि थंडीत उरलेल्या गॅसचा दाबही पडतो. म्हणून आमची डिकी मे महिन्यात स्वतःच्या हिमतीवर उभी राहते आणि डिसेंबरात महाबळेश्वरला, स्ट्रॉबेरीच्या पेट्या ठेवायला सासरे आत वाकले की सावकाश, अगदी आदबीनं, त्यांच्या पाठीवर उतरते. तेव्हापासून डिकीत मुलाच्या जुन्या किटमधला एक स्टंप असतो. सासरे आधी स्टंप बघतात, मग मला नमस्कार करतात.

खिडक्यांच्या बटणांवरचा रबरी मुलामा वितळून चिकट झाला होता. वर्षभर निवडणूक नसताना माझं बोट काळं. २०२० मध्ये भीतीपोटी भरून ठेवलेलं सॅनिटायझर अजून कपाटात होतं. त्यातल्या अल्कोहोलनं तो चिकटा साफ निघाला. निघताना वर-खाली दाखवणारे बाणही गेले. काच कुठं जाईल ते आता दाबल्यावर कळतं.

बाहेरच्या अंगाला मी फार बघत नाही. हेडलाइट पिवळे पडले. पूर्वी अॅम्बेसेडर, पद्मिनीला काचेचे दिवे असत, ते फुटायचे पण पिवळे पडत नसत. हल्लीचे पॉलिकार्बोनेटचे, वरचा संरक्षक थर उन्हानं गेला की मोतीबिंदू ठरलेला. ओळखीच्या प्रत्येकानं टूथपेस्ट सुचवली. टूथपेस्टनं घासलं की लख्ख होतात, कारण तिच्यात बारीक खरखरीत पूड असते. पण तीच पूड उरलासुरला थरही खरवडून नेते आणि दिवे पूर्वीपेक्षा लवकर पिवळे होतात. "दात घासायला ठेवा थोडी," एवढंच बायको म्हणाली.

गंजाचं श्रेय आमच्या कोकणातल्या गावाच्या समुद्राला. खारी हवा, बुजलेली भोकं आणि कायम ओलं दार. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तो आतून वाढला की वरचा रंग फुगतो. दाराच्या खालच्या कडेला असे पुटकुळीएवढे फुगे दिसले. डेंटरनं एका फुग्यावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, तो मुठीपर्यंत आत गेला. त्यानं हळूच बाहेर काढला. "साहेब, पत्रा कधीच गेलाय. नुसता रंग उभाय."

मग मी विकायचं ठरवलं. जुन्या गाड्यांचा एजंट आला. त्यानं बॉनेट उघडलंच नाही! मी तीनदा म्हणालो, इंजिन बघा. तो दारांच्या रबरावरून बोट फिरवत राहिला, छताचं कापड दोन बोटांत धरून त्यानं सोडून दिलं, डिकीतला स्टंप बघितला, नाकानं एकदा हवा ओढली आणि जो आकडा सांगितला, त्यात नव्या एसयूव्हीची चार चाकं आली असती, टायर वगळून. मिस्त्री बॉनेटच्या मागे बघत नाहीत आणि एजंट बॉनेटच्या पुढे येत नाही. या दोघांची एकदा गाठ घालून द्यायची माझी इच्छा आहे.

तेवढ्यात नोंदणीची १५ वर्षं भरली. खासगी गाडीची नोंदणी कायद्यानं १५ वर्षांची, नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवायची, आणि आपल्याकडे वर पर्यावरण कर. हेडलाइट पॉलिश करून, आईला घरी ठेवून मी आरटीओत गेलो. इन्स्पेक्टर साहेबांनी चेसिस नंबर ताडून पाहिला, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघितले, टायर बघितले. मग आत डोकावले, आणि कापड अलगद त्यांच्या डोक्यावर आलं.

"हे काय?"
"छत, साहेब."
त्यांनी ते हातानं वर सारून हातातल्या कागदावर नजर फिरवली. छताचा रकाना त्यात नव्हता. सही केली.

यथावकाश नवं आरसी कार्ड पोस्टानं घरी आलं. ५ वर्षं! संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी ते कौतुकानं समोरच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला गेलो. या ड्रॉवरची खिट्टी तुटलेली आहे. प्रत्येक स्पीड ब्रेकरला तो उघडतो आणि बायकोच्या गुडघ्यावर आपटतो. तिनं माझ्या हातून कार्ड घेतलं, आपल्या पर्समध्ये टाकलं आणि चेन ओढली.

"हिची चेन लागते," ती म्हणाली. "चला."