काजळ, कल्हई आणि ‘आम्हाला कुठे काय झालं?’

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक संदेश फिरला. त्यात म्हटलं होतं: शिशाची भीती जुनी झाली, पेट्रोलमधून ते केव्हाच गेलं. आपण काजळ घालून, पितळेच्या पातेल्यातलं खाऊनच मोठे झालो, आम्हाला कुठे काय झालं? मूल खेळतंय, जेवतंय, मग तपासणी कशाला? आणि अंगात शिसं असलंच, तर कोथिंबीर-लिंबाच्या रसाने निघून जातं. ज्यांच्या घरी दोन-तीन वर्षांची नातवंडं आहेत, त्यांनीही हा संदेश पुढे पाठवला, म्हणून लिहिते आहे.

पेट्रोलचं खरं आहे. भारतात २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं. पण घराच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा नियम लागू झाला नोव्हेंबर २०१७ मध्ये. राजवाड्यामागच्या जुन्या घरांत दारं-खिडक्यांवर त्याआधीच्या ऑइलपेंटचे थरावर थर आहेत. दिवाळीआधी ते कोरडे घासले की धूळ जमिनीवर बसते. रांगतं मूल त्याच जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिसं कुजत नाही, उडून जात नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात, दर डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे. पेट्रोल बंद झाल्यानंतरचा हा आकडा आहे.

आता काजळ आणि कल्हई. तुपाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ वेगळं, आणि बाजारातला चमकदार सुरमा वेगळा. अशा सुरम्यात बऱ्याचदा शिशाचं खनिजच असतं. बाळ डोळे चोळतं आणि बोटं चोखतं, म्हणजे ते पोटात जाणारच. पितळेवर माझा राग नाही, मी स्वतः वापरते. पण कल्हई शुद्ध कथलाची हवी. आपण इथे त्याला रांगा म्हणतो. रांगा महाग आणि शिसं स्वस्त, म्हणून भेसळ होते. अशा भांड्यात चिंचेची आमटी किंवा कढी ठेवली की आंबटपणा शिसं ओढून घेतो. कल्हईवाल्याला ‘रांगा शुद्ध आहे ना’ एवढं विचारून भागत नाही. ओळखीचा, खात्रीचा माणूस नसेल तर आंबट पदार्थ स्टीलमध्येच करा.

‘आम्हाला कुठे काय झालं?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचतो, कारण त्याचं उत्तर घरात बसून मिळत नाही. शिसं कॅल्शियमचं सोंग घेऊन शरीरात शिरतं, हाडांत साठतं आणि मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या बांधल्या जात असतानाच तिथे ढवळाढवळ करतं. पोटात गेलेलं शिसं मोठ्यांपेक्षा लहान मुलं चार-पाच पट जास्त शोषतात. रक्तात लोह कमी असलं तर आणखी. नुकसान दिसतं ते लक्ष न लागण्यात, शब्द उशिरा येण्यात, आणि आपण त्याला ‘चंचल आहे’ म्हणून सोडून देतो. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरांनी १९७९ मध्ये बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले. आजारी मुलांचे नव्हे, हिंडत्या-फिरत्या मुलांचे. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती बुद्धीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्यांत मागे होती. २००५ मध्ये १,३३३ मुलांची माहिती एकत्र केली, तेव्हा आणखी वाईट गोष्ट कळली: रक्तात दर डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या खालचं, ‘थोडंसं’ वाटणारं शिसं त्यावरच्या शिशापेक्षा दर मायक्रोग्रॅममागे बुद्ध्यंक जास्त खाली ओढतं. सुरक्षित अशी पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते ते याचमुळे. मूल खेळतंय म्हणून तपासणी नको, हे म्हणणंही इथेच संपतं. शिसं कळतं ते रक्त तपासल्यावरच.

कोथिंबीर-लिंबू जरूर द्या, पण औषध म्हणून नको. अमेरिकेत ७८० लहान मुलांना शिसं बाहेर काढणारं खरं औषध देऊन पाहिलं होतं. रक्तातलं शिसं उतरलं, पण चाचण्यांतले गुण वाढले नाहीत. म्हणून आधी उगम शोधायचा. खिडकी घासायची तर ओली करून, आणि मुलाला दुसऱ्या घरी ठेवून. नंतर झाडू नको, ओलं फडकं फिरवायचं. घर जुनं असेल, सुरमा घातला जात असेल, घरातलं कुणी शिशाच्या बॅटरीच्या कामावरून त्याच कपड्यांनी येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना शिशाची रक्ततपासणी स्वतःहून विचारा. बोट टोचून घेतलेल्या रक्तात शिसं जास्त दिसलं तर शिरेतलं रक्त घेऊन पुन्हा करायला सांगा, कारण बोटावरच्या धुळीनेही आकडा फुगतो.