खांब नंबर बारा, तारांकित प्रश्न आणि पेव्हर ब्लॉक

परवा भाच्याने फॅमिली ग्रुपवर आमदारांचा कार्यअहवाल टाकला. रंगीत, गुळगुळीत, ३६ पानांची पीडीएफ. रिटायर्ड माणसाला दुसरं काम काय, चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, स्मशानशेड, ओपन जिम, परत पेव्हर ब्लॉक. गणपतीला मुंबईहून सोडलेल्या बसगाड्या. ३६ पानांत 'विधानसभा' हा शब्द दोनदा सापडला. दोन्ही वेळा 'विधानसभा मतदारसंघ' असा.

भाच्याला लिहिलं, बाबा रे, हा तर नगरसेवकाचा अहवाल झाला, आमदाराचा कुठाय? त्याने हसण्याचा इमोजी टाकला. म्हणून हे लांबण लावतोय. ज्यांना वेळ नसेल त्यांनी लाईक करून पुढे जावं, राग नाही.

मी बत्तीस वर्षं नगरपरिषदेत क्लार्की केली. त्यातली बरीचशी सभा विभागात. अजेंडा काढायचा, शिपायाबरोबर घरोघरी पोचवायचा, सभेत कोपऱ्यात बसून भांडणं ऐकायची आणि मग इतिवृत्तात लिहायचं, 'सांगोपांग चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' खुर्ची उचलली असो नाहीतर माईक, इतिवृत्तात सांगोपांग चर्चाच. गावाचं नाव सांगत नाही. समुद्राकाठचं आहे, एवढं पुरे. पुढे ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांची ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशीलही मुद्दाम इकडचे तिकडे केलेत.

त्यांना सगळे दादा म्हणत. सलग दोन टर्म नगरसेवक. सकाळी सव्वादहाला माझ्या टेबलाशी हजर. शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी, तिच्यात वॉर्डातल्या विजेच्या खांबांचे नंबर. "भाऊसाहेब, बारा नंबर परत गेला. आणि घाटीवरचा व्हॉल्व अर्धाच उघडतोय, वरच्या चार घरांना पाणी चढत नाही." हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नसत, आपल्या घरातला नळ गळतोय अशा सुरात सांगत. कुणा म्हातारीचा दाखला असला तर तिला बाकावर बसवून स्वतः खिडकीशी उभे राहत.

नगरसेवक ही काय चीज आहे हे लांबून कळत नाही. आमदाराला 'बघतो' म्हणून वेळ मारून नेता येते. नगरसेवकाला ती सोय नाही, कारण ज्याला 'बघतो' म्हटलं तो संध्याकाळी मासळी बाजारात शेजारी उभा असतो. तुंबलेलं गटार त्याच्या स्वतःच्या दारावरून जातं. शिव्या खायच्या त्याने, आणि सह्यांचे अधिकार मात्र सरकारने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याकडे. आमचा कायदा १९६५ चा, नगरपरिषदांचा. त्यात ३०८ कलम आहे. तुमच्या सभागृहाने एकमताने केलेला ठराव जिल्हाधिकारी त्या कलमाखाली तहकूब ठेवू शकतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बाराव्या अनुसूचीतले १८ विषय नगरपालिकांकडे जाण्याची वाट मोकळी केली. कागदावर.

दादांच्या वॉर्डाची एक कड समुद्राला. पावसाळ्यात उधाण आलं की लाटा थेट घरांच्या परड्यात. मी नोकरीला लागलो तेव्हा घरं आणि पाणी यांच्या मध्ये माडांच्या दोन रांगा होत्या. दादांच्या दुसऱ्या टर्ममध्ये एक उरली होती, तीही फटी पडलेली. त्या वर्षीच्या आषाढात एक मासेविक्रेती बाई रिकामी पाटी घेऊन थेट सभागृहाच्या दारात आली. आत चर्चा चालू होती. ती म्हणाली, "दादानू, दर्या परड्यात इलो आणि तुम्ही अजून ठरावच करतास?"

आम्ही ठरावच करत होतो. धूपप्रतिबंधक बंधारा बांधण्याबाबत शासनास विनंती करण्याचा ठराव. सूचक दादा. मी माझ्या हाताने तो तीन वेळा लिहिलाय, तीन वेगवेगळ्या वर्षी, फक्त तारखा बदलून. पहिल्याला उत्तर आलं की सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्याला आलं की निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल. तिसऱ्याला उत्तरच नाही. नगरपरिषदेची सगळी घरपट्टी ओतली असती तरी तो बंधारा झाला नसता, आणि झाला असता तरी समुद्र आमच्या ताब्यात कुठे होता?

मग दादांना तिकीट मिळालं. कसं, कुणामुळे, कुणाला पाडायला, ते एक वेगळं महाभारत आहे. थोडक्या मतांनी आले.

निवडून आल्यावर पहिले काही महिने गावाला ते दिसलेच नाहीत. अधिवेशन, समित्या, मुंबई. लोक कुजबुजायला लागले की दादा बदलले, फोन उचलत नाहीत. आणि मग एका संध्याकाळी, आम्ही कपाटांना कुलपं लावत असताना, फॅक्स मशीन घरघरलं. वर मोठ्या अक्षरात 'विधानसभा तारांकित प्रश्न – अत्यंत तातडीचे.'

ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांना हे शब्द वाचून आत्ताही पोटात गोळा येईल. तारांकित प्रश्न आला की उद्या चालत नाही. मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून आमच्यासारख्या क्लार्कला रात्री नऊ वाजता जुनी दप्तरं सोडायला लावतात. प्रश्न होता बंधाऱ्याचा. किती घरांना धोका, नगरपरिषदेने किती ठराव केले, त्यावर काय कार्यवाही झाली, झाली नसल्यास विलंबाची कारणे काय. प्रत्येक उपप्रश्नात आमच्या सभागृहातल्या कटकटीचा वास होता. ज्या तीन ठरावांना कुणी कुत्रं विचारत नव्हतं, त्यांच्या साक्षांकित प्रती काढून मी त्या रात्री साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी घाम पुसत विचारलं, "हे आपल्याकडे होतं?" होतं, साहेब. खिडकीकडच्या कपाटात.

उत्तर काय आलं असेल? 'हे अंशतः खरे आहे.' विधिमंडळाच्या भाषेतलं हे माझं सगळ्यात आवडतं वाक्य. त्याच्या खालोखाल 'प्रश्न उद्भवत नाही.' पण अंशतः खरं म्हटल्यावर छापील उत्तरात ते कायमचं नोंदलं गेलं, मग पुढच्या अधिवेशनात लक्षवेधी, म्हणजे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, मग पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चात, तरतूद. दोन पावसाळे गेले आणि काळ्या दगडाचा बंधारा उभा राहिला.

पुढच्या निवडणुकीत दादा पडले.

कारणं बरीच असतील, पण प्रचारात मी कानांनी ऐकलेलं सांगतो. "आमच्या आळीत पाच वर्षांत एक फरशी बसवली नाही." "मुंबईतच असतात." "मयताला सुद्धा तिसऱ्या दिवशी आले." बंधाऱ्याबद्दल कुणी काही बोललं नाही, कारण त्यावर कोनशिला नव्हती. दादांनी लावूनच घेतली नाही. हा त्यांचा मूर्खपणा, असं माझं आजही मत आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमदाराने गावातली कामं करू नयेत असं मला म्हणायचं नाही. त्याला स्थानिक विकासाचा निधी असतो, आता वर्षाला ५ कोटी, म्हणजे पूर्ण टर्मचे २५. तो खर्च करायलाच हवा. पण २८८ माणसांनाच जे करता येतं, म्हणजे कायदा, प्रश्न, अर्थसंकल्पावर बोलणं, ते सोडून तो वॉर्डातल्या फरश्या मोजायला लागला, तर आपण एक महागडा नगरसेवक नेमलाय आणि विधानसभेतली जागा रिकामी ठेवलीय. तिथपर्यंत त्याला आपणच नेलंय. मत देताना आपण विचारतो, अर्ध्या रात्री फोन उचलतो का? मुंबई-गोवा महामार्गावर इतकी वर्षं कंबरडं मोडून घेतलं, पण आपल्या आमदाराने त्यावर सभागृहात किती वेळा तोंड उघडलं हे आपल्यापैकी किती जणांनी शोधलं? मीही नाही, प्रामाणिकपणे सांगतो.

आणि हीच आपली कोकणपट्टी नाथ पैंना निवडून द्यायची. वेंगुर्ल्याचा माणूस, राजापूरचा खासदार. घटनादुरुस्ती करून मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात म्हटल्यावर १९६७ साली त्यांनी घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दल खासगी विधेयक आणलं, 'नाथ पै विधेयक' म्हणूनच ते ओळखलं जातं. ते मंजूर झालं नाही. त्यातला मुद्दा पटो न पटो, पण आपला माणूस दिल्लीत घटनेवर भांडतोय याचा माझ्या वडिलांना कोण अभिमान! आमच्या वाडीत तेव्हा वीज आली नव्हती. त्यांच्यामागून आलेले मधु दंडवते १९७१ ते १९८९ पाच निवडणुका जिंकले. रत्नागिरीने १९७८ आणि १९८० मध्ये कुसुमताई अभ्यंकरांना विधानसभेत पाठवलं, कादंबऱ्या लिहिणारी बाई. म्हातारा झालो की जुनं सगळं सोन्याचं दिसतं हे मान्य. त्या काळी नुसते रस्ते नव्हते असं नाही, बरंच काही नव्हतं.

नगरसेवकाचा आमदार होण्याची वाट आपल्याकडे दोन ठिकाणांहून निघते. एक गावातून: दीपक केसरकर सावंतवाडीचे नगराध्यक्ष होते, २००९ मध्ये तिथूनच विधानसभेत गेले. दुसरी मुंबईहून: नारायण राणे १९८५ ला मुंबई महापालिकेत नगरसेवक, १९९० ला मालवणचे आमदार, १९९९ ला मुख्यमंत्री. चाळीतली शाखा, गावची पालखी आणि चाकरमान्यांची मंडळं यांचा रस्ता एकच असल्यामुळे दुसरी वाट आपल्याकडे कायम जास्त रुंद. गंमत म्हणजे माणसं मुंबईकडे गेली तशा विधानसभेच्या जागाही गेल्या. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्याच्या ७ च्या ५ झाल्या, सिंधुदुर्गाच्या ४ च्या ३. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४! खेड, संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ला, देवगड ही नावं विधानसभेच्या यादीतून पुसली गेली. मतदारसंघ एवढा पसरला की आमदाराला सगळीकडे तोंड दाखवायचं तर अधिवेशनाला दांडीच मारावी लागेल.

त्यात नगरसेवकच नाहीसे झाले. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली आणि पुढची निवडणूक झाली २ डिसेंबर २०२५ ला. संविधान म्हणतं मुदत पाच वर्षं, ती संपायच्या आत निवडणूक घ्या. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षणाचा वाद, मग कोर्ट, शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कान उपटले. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. माझी शेवटची दीड वर्षं त्यात गेली. टिपणाखाली साहेब मुख्याधिकारी म्हणून सही करायचे, 'मान्यतेस्तव सादर', आणि त्याच पानावर चार बोटं खाली प्रशासक म्हणून, 'मान्य.' पेनही तेच. मी एकदा विचारलं, साहेब, मधे थोडा विचार करायला वेळ घेताय का? साहेब चांगले होते, हसले.

त्या चार वर्षांत माणसांनी जायचं कुठे? आमदाराकडे. गटारासाठी, दाखल्यासाठी, बारा नंबरच्या खांबासाठी. आमच्याकडे आवकमध्ये त्यांच्या लेटरहेडची चळत यायची, 'सोबतच्या यादीतील कामे प्राधान्याने घ्यावीत.' यादीतलं काम कुणी सुचवलं, कशाला, आधी कुठलं हवं होतं, हे विचारणारं सभागृहच नव्हतं. दादांसारखी डायरी घेऊन फिरणारी एक अख्खी पिढी तेव्हा तयार व्हायला हवी होती. पंचवीस-तिशीतली जी पोरं त्या वेळी नगरसेवक झाली असती, ती आमदारांच्या मागे रील काढत फिरली.

म्हणून कुणी म्हणेल, पूर्वीची सभागृहं काय धुतल्या तांदळासारखी होती? नव्हती हो. अडीच वर्षांचं नगराध्यक्षपद सव्वा-सव्वा वर्ष वाटून घेताना मी पाहिलंय. निवडीच्या आधी सदस्यांची 'सहल' जायची, आणि आमच्या बाजूला सहल म्हणजे गोवा, लांब जायची गरजच नाही. थेट निवडणूक, मग सभागृहातून, मग परत थेट, असे खेळ सरकारागणिक झाले. निम्म्या जागा बायकांना मिळाल्या तेव्हा नवरेमंडळी सभेच्या दाराबाहेर खुर्च्या टाकून बसायची. त्यातल्याच दोघी-तिघींनी वर्षभरात नवऱ्यांना घरी बसवलं, हेही इतिवृत्तात नाही.

आता नवीन सभागृह बसलंय. आमच्या आळीतली एक मुलगी निवडून आली, वय असेल तिशीच्या आत. गेल्या रविवारी पेढे घेऊन घरी आली. म्हटलं, झालं, आता लेटरहेडचा नमुना मागणार. चहा झाल्यावर म्हणाली, "काका, बंधाऱ्याचं दक्षिणेकडचं टोक खचलंय. पाणी मागून शिरतंय. दादांच्या वेळचे ठराव कुठल्या सालातले?"

तिन्ही सालं सांगितली, तिने मोबाईलमध्ये लिहून घेतली. रेकॉर्ड रूममध्ये खिडकीकडचं कपाट, वरून दुसरा कप्पा, लाल रुमालात बांधलेलं दप्तर. म्हटलं, त्या खिडकीतून पाऊस येतो, रुमाल दमट असेल तर दोन तास उन्हात घाल आणि मगच सोड, नाहीतर पानं चिकटून फाटतात.