हिरड्यांचा आजार 'टेन्शनमुळे' होतो म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल खुलासा

ग्रुपवर फिरतंय ना, की हिरड्यातून रक्त येणं हे फक्त टेन्शनचं लक्षण, मन शांत ठेवा, हिरड्या आपोआप बऱ्या होतात. हे चूक आहे. आजार सुरू होतो तो दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे, आणि तो थर एकदा कडक झाला की ब्रशनं निघत नाही, डेंटिस्टकडे जाऊन क्लीनिंगच करावं लागतं. तंबाखू, मिश्री आणि कंट्रोलमध्ये नसलेली शुगर यानं आजार वाढतो.

पण मनाचा संबंधच नाही असंही नाहीये. खूप ताण असला की माणूस ब्रश टाळतो, सिगरेट वाढते, झोप उडते, शरीराची जंतूंशी लढायची ताकदही कमी पडते. आणि उलटही होतं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तोंडाला वास येतो म्हणून लोक तोंडावर हात धरून बोलतात, लग्नकार्यात फोटोत हसत नाहीत, हलणाऱ्या दातांमुळे भाकरी चावता येत नाही म्हणून चारचौघात जेवायलाच बसत नाहीत. १९९७ पासून वापरात असलेल्या ओएचआयपी-१४ या, तोंडाच्या त्रासाचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो ते मोजणाऱ्या १४ प्रश्नांच्या फॉर्ममध्ये दुखण्यासोबत लाज, चिडचिड, कामात अडथळा हेही विचारतात. दोघांच्या हिरड्या सारख्याच खराब असल्या तरी जो एकटा पडलाय, उदास आहे त्याला तोच त्रास जास्त जाचतो.

म्हणून घरात कोणाला असं असेल तर 'टेन्शन घेऊ नको' एवढ्यावर सोडू नका, सोबत दवाखान्यात जा.