त्याच चाकाचे बेअरिंग पुन्हा गेले, तर दोष केवळ बेअरिंगचा मानू नका

पावसाळा सुरू झाला की मुंबईतल्या गाडीमालकांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये चाकाच्या बेअरिंगविषयीचा एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: बेअरिंग वर्षभरात पुन्हा गेले, तर आधीचे डुप्लिकेट होते किंवा खड्ड्यांनी त्याचे आयुष्य संपवले असे समजावे; ज्या बाजूने घरघर ऐकू येते त्या बाजूचे बेअरिंग बदलावे; चाक हलवून प्ले (ढिलेपणा) जाणवला नाही तर बेअरिंग ठीक आहे; बदलताना दोन्ही बाजूंची एकदम बदलावीत; आणि अधूनमधून ग्रीस भरून घ्यावे. ही विधाने ऐकताना पटतात, परंतु ज्याच्या गाडीचे एकच चाक पुन्हापुन्हा त्रास देते, त्याला या सल्ल्याने खरे कारण कधीच सापडत नाही. विशेषतः टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याचा प्रत्येक खेपेला कामाचा दिवस बुडतो, म्हणून या विधानांचा नीट समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

आवाजाच्या बाजूपासून सुरुवात करू. चाकातली घरघर नकल (चाक आणि सस्पेंशन जोडणारा धातूचा भाग), सस्पेंशन आणि गाडीच्या पत्र्यातून पसरत जाते, त्यामुळे ती डावीकडून ऐकू आली तरी बिघाड उजवीकडे असू शकतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 ते 60 किलोमीटर वेगाने जाताना, मागेपुढे वाहन नसल्याची खात्री करून, गाडी हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे झुकवावी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूवर घ्यावा. हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, नेहमी नव्हे. म्हणून गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवताना दुसरा हात सस्पेंशनच्या स्प्रिंगवर ठेवावा, म्हणजे खराब बेअरिंगची खरखर बोटांना स्पष्ट जाणवते. शिवाय असमान झिजलेला टायर अगदी बेअरिंगसारखाच आवाज करतो. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाजाचा पोत बदलला, किंवा पुढचे टायर मागे टाकल्यावर आवाजही मागे गेला, तर दोष टायरचा आहे. मुंबईत एकाच फेरीत दोन्ही प्रकारचे रस्ते लागतात, त्यामुळे ही परीक्षा इथे सहज होते. हे न करता बेअरिंग बदलले आणि आवाज राहिला, की लोक ‘नवे बेअरिंगही गेले’ असे म्हणतात, वास्तविक खराब बेअरिंगला तोवर कोणी हातच लावलेला नसतो.

प्लेविषयीचे विधान तर धोकादायक आहे. आवाज आधी येतो आणि प्ले बऱ्याच उशिरा, त्यामुळे प्ले येण्याची वाट पाहणे म्हणजे चाक निखळण्याच्या दिशेने जाणे होय. उलट, प्ले आढळला म्हणजे तो बेअरिंगचाच असेही नाही. सस्पेंशनचा बॉल जॉइंट किंवा स्टीअरिंगचा टाय रॉड एंड हा जोड झिजला असला तरी चाक हलते. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे: ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, राहिला तर बहुधा जोडांचा.

आता मुख्य मुद्दा. नकली बेअरिंग बाजारात आहेत, हे मी नाकारत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घ्या की नागदेवी स्ट्रीटवरून, पक्के बिल घ्यावे. परंतु विश्वासू दुकानातून, बिलासह घेतलेले दुसरे आणि तिसरे बेअरिंगही त्याच चाकात काही महिन्यांत जात असेल, तर ‘डुप्लिकेट’ हे उत्तर पुरत नाही. बेअरिंग बदलले, पण ते जिथे बसते ती जागा आणि बसवण्याची पद्धत बदललेली नाही, एवढे तरी त्यातून कळते.

अनेक गाड्यांत पुढचे बेअरिंग नकलच्या भोकात प्रेसने (दाब देणाऱ्या यंत्राने) बसवतात आणि मग त्यात हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसते तो भाग, दाबतात. नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर पडला पाहिजे, आणि हब घालताना आतल्या रिंगला खालून आधार पाहिजे. हा आधार चुकला की प्रेसचा सगळा जोर दोन्ही रिंगांमधल्या छर्र्यांमधून जातो आणि ट्रॅकवर, म्हणजे छर्रे फिरतात त्या चरीवर, बारीक खळगे पडतात. असे बेअरिंग रस्त्यावर येण्याआधीच निकामी झालेले असते. हातोड्याने ठोकून बसवल्यावर तर हे जवळजवळ ठरलेलेच आहे. दुसरे कारण जुन्या हबमध्ये दडलेले असते. जुने बेअरिंग काढताना त्याची आतली रिंग हबवरच अडकून राहते, आणि ती छिन्नीने किंवा गॅस कटरने काढताना हबला चरा पडला, तर नवी रिंग सरळ बसत नाही. तिसरे, नकलचे भोक. एकदा बाहेरची रिंग त्यात फिरली की भोक झिजून सैल होते किंवा लंबगोल बनते. हा फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असल्याने डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बोअर गेज लागते आणि हबच्या फ्लँजचा (चाक टेकते त्या कडेचा) डगमग मोजायला डायल गेज. शेवटी एक्सल नट, म्हणजे हब एक्सलला आवळून धरणारा नट: तो इम्पॅक्ट गनने अंदाजे आवळणे चूक आहे, कारण आतल्या रिंगचे दोन भाग एकमेकांवर किती घट्ट बसतात ते त्याच नटावर अवलंबून असते. आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचने त्या मॉडेलचा आकडा गाठावा, नट नवा वापरावा आणि तो आवळल्याशिवाय गाडीचा भार चाकावर घेऊ नये.

यातले नेमके काय घडले, ते काढलेले बेअरिंगच सांगते, आणि नेमके तेच गॅरेजमध्ये भंगारात टाकले जाते. ते मागून घ्यावे आणि कापून उघडायला सांगावे. बाहेरच्या रिंगच्या पाठीवर चकचकीत घासल्याच्या किंवा तपकिरी गंजाच्या खुणा असतील तर भोक सैल आहे. ट्रॅकवर समोरासमोर दोनच ठिकाणी झीज असेल तर भोक लंबगोल आहे. छर्र्यांच्या अंतरावर, पूर्ण वर्तुळभर, ट्रॅकच्या एकाच कडेला खळगे असतील तर प्रेस चुकीची मारली गेली. धातू निळसर झाला असेल तर अति उष्णता, ग्रीस दुधाळ असेल तर पाणी. ट्रॅकवर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर विजेचा प्रवाह बेअरिंगमधून गेला आहे; उभ्या गाडीवर वेल्डिंग करताना अर्थिंग चुकीच्या जागी लावले तर मात्र रेघांऐवजी जळाल्याचे बारीक डाग पडतात.

खड्ड्यांचा वाटा खरा आहे. जोरदार आदळल्यावर भाराच्या पट्ट्यातल्या मोजक्या छर्र्यांखाली खळगे पडतात, आणि आपल्याकडे डावी चाके गटाराच्या झाकणांजवळून जात असल्याने त्यांना जास्त सोसावे लागते. पण खड्डे साऱ्या गाड्यांना सारखेच असताना एकाच गाडीचे एकच चाक वारंवार का जाते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. पाण्याकडे मात्र अधिक लक्ष द्यावे. अंधेरी सबवे किंवा हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणी तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या (पाणी-धूळ अडवणाऱ्या रबरी कडीच्या) कडेने पाणी आत ओढले जाते. दोन्ही बाजूंची बेअरिंगे आलटून पालटून जात असतील तर पाणी, जास्तीचा भार, किंवा बाहेर निघालेली चाके व त्यांना बाहेर सरकवणारे स्पेसर यांचा विचार करावा. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर त्याचे गणिती आयुष्य आठव्या हिश्शावर येते.

ग्रीस भरण्याचा सल्ला जुन्या, उघडता येणाऱ्या टेपर रोलर बेअरिंगांसाठी योग्य होता. आजच्या बहुतेक मोटारींतली बेअरिंगे सीलबंद असतात. ती उघडायची म्हणजे सील बिघडवायचे.

दोन्ही बाजूंची एकदम बदलण्याची गरज सहसा नसते. चांगल्या बाजूचे बेअरिंग काढले की तिथेही प्रेस, हब आणि नटाचे सगळे धोके नव्याने पत्करावे लागतात. तो पैसा त्याच चाकाचा हब नवा घेण्यात आणि नकल मोजून घेण्यात घालावा. मोजमापात नकलचे भोक बाद ठरले तर नकलही बदलावी, कारण त्या भोकात चौथे बेअरिंगही टिकणार नाही.