बैठका असताना डेडलिफ्ट कशाला? सुरसागर तलावाच्या पाळीवरचा वाद

नानांचं म्हणणं सरळ होतं. "दंड, बैठका आणि मुद्गलांची जोडी. शरीराला आणखी काय लागतं? दीडशे वर्षं वडोदऱ्यातले आखाडे यावरच चालले. ते डेडलिफ्ट, म्हणजे लोखंडी बार जमिनीवरनं उपटायचं खूळ, आत्ताचं."

सुहास पॉवरलिफ्टिंग शिकवतो, त्यामुळे तो गप्प बसणं शक्यच नव्हतं. "नाना, बैठकीत गुडघा पुढे येतो, टाच उचलते. सगळा भार मांडीच्या पुढच्या बाजूवर. मागचं काय? कुल्ले, मांडीच्या मागचे स्नायू, कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू... कंबरेतून वाकून वजन उचलायचं काम हेच करतात, आणि बैठकीत त्यांच्यावर तसा भार पडतच नाही. जोडीत खांदे आणि मनगटं. दंडात छाती. जमिनीवरून ओढायचा व्यायाम कुठला?"

"नाल!" नाना म्हणाले. "दगडी नाल कुठून उचलायचे, आकाशातून?"

हा मुद्दा नानांचाच, मान्य करायला हवं. नाल म्हणजे धरायला मूठ असलेला जड दगड, तो उचलणं हे डेडलिफ्टचंच जुनं भावंड. फक्त आता नाल उचलतो कोण? आखाड्यात जाणारेसुद्धा बहुतेक दंड-बैठकांवर थांबतात.

"आणि गामा पहिलवानाचा दगड विसरलात?" नानांना जोर चढला. "1902 साली इथेच उचलला. कमाटीबागेच्या म्युझियममध्ये आहे. बाराशे किलो!"

"दगड आहे, नाव कोरलेलं आहे, ते खरं," सुहास म्हणाला. "पण 2020 साली आइसलंडच्या हाफ्थोर ब्यॉर्नसननं 501 किलो ओढला तो जागतिक विक्रम होता, तोही धरायला दांडी असलेला बार, मनगटाला पट्टे बांधून. बाराशे किलो सरळ उभं राहून उचलणं माणसाच्या हाडांना झेपणारं नाही. गामा अफाटच होता, पण वजनाचा आकडा किंवा 'उचलला' म्हणजे नक्की किती, यातलं काहीतरी फुगलंय." नाना दोन मिनिटं त्याच्याशी बोलले नाहीत.

मग पिंट्यानं तोंड उघडलं. तो दिवसभर खुर्चीत बसून लोकांचे हिशेब लिहितो. "मला रेकॉर्ड नको. डेडलिफ्टनं कंबर जाते असं सगळे म्हणतात, ते सांगा."

उत्तर मेघनाताईंनी दिलं. त्या फिजिओथेरपिस्ट. "भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो. तो तू उचलतोसच, कधी पाठ गोल करून, कधी कंबरेत पिळा देऊन. डेडलिफ्ट तेच काम नीट शिकवतं. शिवाय पकड सुधारते, आणि उतारवयात हाडांना भार लागतो तो वेगळाच. कंबर जाते ती वजन घाईनं वाढवल्यामुळे आणि थकल्यावरही सेट ओढत राहिल्यामुळे."

"पण आधी वाकायला शीक," सुहास म्हणाला. "भिंतीकडे पाठ करून पाऊलभर पुढे उभा राहा. हातात पिशव्या असताना कपाटाचं दार बुडानं ढकलतो ना, तसं बूड मागे भिंतीला टेकव. गुडघे किंचितच वाकतील. पाठीवर उभी काठी धर. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे. एक जरी जागा सुटली तर बार हातात घेऊ नकोस."

यानंतर सुहासनं जे सांगितलं ते माझ्या मते सगळ्या चर्चेतलं सर्वात कामाचं होतं, कारण हे जिममध्ये कोणी सांगत नाही. स्पर्धेतली मोठी प्लेट 45 सेंटीमीटर व्यासाची असते, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर, म्हणजे वीतभर उंच राहतो. नवीन माणूस लावतो पाच किलोची प्लेट. तीच मुळात वीतभर व्यासाची, म्हणजे बार अर्ध्या वितीवर, जवळजवळ घोट्याशी. तिथे पोचायला पाठ गोल होणारच. मग तो म्हणतो, मला डेडलिफ्ट सोसत नाही. उपाय अगदी साधा: दोन्ही बाजूंना आडव्या मोठ्या प्लेटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून बार नडगीच्या मध्यापर्यंत वर घ्यायचा.

"आणि बार एकदा काट्यावर ठेवून बघ," तो पुढे म्हणाला. "सगळे वीस किलोचे नसतात. जाड गादीचे रनिंग शूज काढ. पाय आत दबतो, तोल पुढे जातो. अनवाणी किंवा पातळ तळाचे बूट."

पिंट्यानं तिथेच चप्पल काढून उभं राहून पाहिलं. क्रम असा: बार पावलाच्या मध्यावर, नडगीपासून दोन बोटं लांब. बार न हलवता खांद्याएवढ्या अंतरावर पकड. मग गुडघे वाकवून नडग्या बारला लावायच्या, छाती वर, काखा घट्ट. पोटात श्वास भरून धरायचा. झटका नाही, बार आणि प्लेटांमधला ढिलेपणा हळूच ओढून घ्यायचा, हात दोरीसारखे सरळ ठेवायचे आणि पायांनी जमीन खाली दाबायची. वर आल्यावर मागे रेलायचं नाही. खाली नेताना आधी बूड मागे, बार गुडघ्यांखाली गेल्यावर मगच गुडघे वाकवायचे. उलट केलं की बार गुडघ्याच्या वाटीवर आपटतो.

"बूड आधी वर उडालं तर?" पिंट्यानं विचारलं.

"म्हणजे सुरुवातीला बूड फार खाली होतं, नाहीतर वजन जास्त. बार नडगीपासून सुटून पुढे गेला तरी सगळा ताण कंबरेवर येतो. एक हात उलटा, तळवा पुढे करून, धरत असशील तर त्या हाताचं कोपर वाकवू नकोस, दंडाचा स्नायू तिथेच फाटतो."

मेघनाताईंनी इशारा दिला: "दुसऱ्या दिवशी कंबरेच्या दोन्ही बाजू भरून आल्या तर चालतं. एका बाजूला चमक, पायात गुडघ्याखाली उतरणारी कळ, मुंग्या, बधिरपणा, यातलं काही झालं तर बंद कर आणि दाखव. बीपी आटोक्यात नसेल तर आधी ते. श्वास रोखून जोर लावला की बीपी चढतं. हर्नियाचं ऑपरेशन झालेल्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय नाही."

कंबरेला बांधायच्या बेल्टवरून मात्र दोघांचं जमलं नाही. सुहास म्हणतो, वजन शरीराच्या दीडपट होईपर्यंत बेल्ट नको. मेघनाताईंच्या मते असा आकडा ठरवायला आधारच नाही. पोट ताणून धरता आलं की बेल्ट कधीही चालेल.

"किती आणि कधी, तेवढं सांगा," पिंट्या म्हणाला.

"आठवड्यातून एकदा," सुहास म्हणाला. "तीस किलोपासून, पाच-पाच वेळा उचलायचे तीन सेट, मध्ये तीन मिनिटं विश्रांती. प्रत्येक सेट संपताना आणखी दोन जमले असते असं वाटलं पाहिजे. दर आठवड्याला अडीच किलो वाढव, फार तर पाच. पुढे ऐंशीवर पोचलास की थेट ऐंशी नाही: चाळीस किलो पाचदा, साठ तीनदा, सत्तर एकदा, मग ऐंशी."

"आणि बैठका?" नाना शेवटी बोलले.

"सोडू नका. पण डेडलिफ्टच्या आधी नाही, पाय थकलेले असतात. त्या दिवशी दंड घ्या, बैठका दोन दिवसांनी."

"शंभर?"

"पहिला महिना पन्नास, नाना."