काका दहापर्यंत मोजतात

काल संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी लिहिलं, 'डेटाबेस स्लो होण्याचं मूळ शोधून काढल्याबद्दल अकाउंट्सच्या काकांचं अभिनंदन!' खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझा. द्यावा लागतो.

झालं होतं एवढंच, की सोमवार सकाळपासून डेटाबेसला जोडायला वेळ लागत होता. एकदा जोडलं की सगळं सुसाट, पण जोडलं जाईपर्यंत माणूस पडद्याकडे बघत ताटकळलेला. मी सर्व्हरवरच लॉगिन करून बघितलं, तर चटकन लागलं. मग मी सगळ्यांना कळवून टाकलं, 'माझ्याकडून व्यवस्थित चालतंय.' हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की मला त्याचा गळा धरावासा वाटतो. सर्व्हरवर बसून लोकलहोस्ट, म्हणजे 'हेच मशीन', म्हटलं की आमचा डेटाबेस, मायएसक्यूएल, सॉकेट फाइलच्या मागच्या दारातून आत घेतो, नेटवर्कशी गाठच पडत नाही. हे मीच नव्या पोरांना शिकवतो.

साडेदहाला काका आले.

"झालं का?"

"बघतोय काका."

"बघ, बघ. मी थांबतो."

थांबतो म्हणजे माझ्या खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवून. मी हललो की ते हलायचे, ते हलले की मी. मी सीपीयू बघितला, निवांत. डिस्क निवांत. कनेक्शनची मर्यादा १५१, वापरात चाळीससुद्धा नाहीत. प्रोसेसलिस्टमध्ये, म्हणजे कोण कोण जोडलंय त्या यादीत, मात्र 'अनऑथेंटिकेटेड यूजर' नावाचे सात-आठ जण ताटकळत उभे.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे कोण?"

"आत यायला बघतायत."

"मग घे की त्यांना आत!"

"तसं नसतं काका."

"बरं. माझा रिपोर्ट लाव. बघू किती लागतात." आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. मोठ्याने. "एक... दोन... तीन..." एकेक आकडा असा ठेवून, जणू नोटाच मोजतायत. दहाला कनेक्शन लागलं. "परत लाव. एक... दोन..." परत दहा. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीचं लावून बघितलं. दहा. तिसऱ्या वेळी निम्मा मजला त्यांच्याबरोबर मोजत होता आणि मी सर्व्हरचे लॉग उघडून शांतपणे वाचण्याचं सोंग करत होतो.

"अरे, नऊ नाही, अकरा नाही. दरवेळी दहाच कसे?"

"लोड असेल," मी म्हणालो. खरं तर मी चिडलो होतो, आणि चिडलेला माणूस लोड असेल असंच म्हणतो.

"लोड इतका हिशेबी असतो का रे?"

नसतो. तीच तर पंचाईत. गर्दीमुळे होणारा उशीर कधी तीन सेकंद, कधी वीस. बरोब्बर दहा म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय. हे मला सुचायला हवं होतं. तरी ते मी काकांना जेवायला पाठवून, ते दिसेनासे झाल्यावरच तपासलं. पोर्ट ५३ वर, म्हणजे मशीनची नावं-पत्ते विचारायच्या वाटेवर, येणंजाणं टिपणारा टीसीपीडम्प लावला आणि चोर सापडला.

(या डेटाबेसचं नाव त्याच्या कर्त्याच्या मुलीवरून ठेवलंय. पण मराठी माणूस 'माय' वाचतो आणि मायेची अपेक्षा करतो. तिथेच फसतो.)

तर ही माय काय करते? दारात कुणी आलं की आत घ्यायचं सोडून त्याच्या आयपीवरून, म्हणजे मशीनच्या आकडी पत्त्यावरून, नाव काढायला डीएनएसकडे, म्हणजे नाव-पत्त्यांची वही सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे, जाते. यादीतला पहिला डीएनएस वारलेला. तरी ही पाच सेकंद त्याची कडी वाजवत बसते, मग दुसऱ्याकडे जाते. तो बिचारा लगेच नाव सांगतो. तेवढ्याने समाधान नाही! आता या नावाचा पत्ता खरंच हाच का, म्हणून उलटतपासणी. त्यासाठी पहिल्यांदा पुन्हा त्या वारलेल्याच्याच दारात. आणखी पाच. असं एकदा कळलेलं नाव ती लक्षात ठेवते, म्हणजे एरवी हा त्रास पहिल्या खेपेलाच झाला असता. पण कुणा पूर्वजाने त्या आठवणीचा, म्हणजे होस्ट कॅशचा, आकार शून्य करून ठेवलेला, शेजारी शेरा 'तात्पुरतं'. सही नाही, तारीख नाही.

तो पहिला डीएनएस वारला कसा? नेटवर्कवाल्यांनी शनिवारी बंद केला. फोन केला तर म्हणाले, "सगळ्यांना कळवलं होतं." सगळे म्हणजे त्यांच्या खोलीतले चौघं. वर, "आमच्याकडून पिंग एक मिलिसेकंद येतोय." अरे, आयपीला पिंग करताना, म्हणजे नुसती 'आहेस का?' अशी हाक मारताना, नाव विचारायला कोण जातंय! सर्व्हरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधून, म्हणजे डीएनएसच्या त्या यादीतून, मेलेला पत्ता काढायचा, तर ती फाइल त्यांच्या ताब्यात आणि तिकिटाला तीन दिवस. चूक त्यांची, तिकीट मी टाकायचं, सही माझ्या साहेबांची. यात विनोद कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

शेवटी काल दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, माझ्या हातात होतं ते केलं. कॉन्फिगमध्ये स्किप-नेम-रिझॉल्व्ह लिहिलं आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. आता ती नाव विचारतच नाही. लोक परत येईपर्यंत सगळं पाण्यासारखं वाहत होतं. साहेबांनी विचारलं, "काय होतं?" मी प्रामाणिकपणे सांगायला लागलो, "काकांनी मोजलं तेव्हा लक्षात आलं की..." साहेबांनी पुढचं ऐकलंच नाही.

आज सकाळी साडेदहाला खुर्चीच्या पाठीवर ओळखीचं कोपर टेकलं.

"आज मोजायलाच मिळालं नाही रे. लावल्या लावल्या आलं."

"काय आलं?"

"ॲक्सेस डिनाइड."

काकांच्या रिपोर्टच्या खात्याला परवानगी त्यांच्या मशीनच्या नावावर दिलेली. आयपीवर नाही. आणि नावं तर मी कालपासून बंदच केलेली. परवानगी दिली कुणी, ते बघायला मी जुनं तिकीट उघडलं. मीच.

"बघतो काका."

"बघ, बघ. मी थांबतो."